ग्रहीय छायाचित्रण
ग्रहीय छायाचित्रण म्हणजे दुर्बिणीला कॅमेरा जोडून ग्रहांची तपशीलवार छायाचित्रे घेण्याचे तंत्र होय. ग्रह तेजस्वी असल्याने त्यासाठी मोठी दुर्बीण अनिवार्य नसते. ११४ मिलिमीटर व्यासाच्या आरशाची वापरलेली परावर्ती दुर्बीणही सुमारे १ विकला (अंशाचा ३६०० वा भाग) इतके सूक्ष्म तपशील दाखवू शकते. प्रतियुतीच्या वेळी गुरूचे बिंब सुमारे ४४ ते ५० विकला रुंद दिसत असल्याने त्यावरील पट्टे तिच्या आवाक्यात येतात.

मुख्य अडथळा पृथ्वीच्या वातावरणाचा असतो. हवेच्या हालचालीमुळे प्रतिमा सतत थरथरते. म्हणून एकाच छायाचित्राऐवजी चलचित्रण करून हजारो चौकटी टिपल्या जातात. त्यांतील सर्वांत स्पष्ट चौकटी संगणकाद्वारे निवडून एकत्र केल्या जातात. अशी स्पष्ट चौकट मिळण्याची संभाव्यता डेव्हिड फ्राइड यांनी १९७८ मध्ये गणिताने मांडली. गुरू सुमारे ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरत असल्याने त्याचे चित्रण काही मिनिटांतच आटोपावे लागते.

वापरलेली दुर्बीण निवडताना आरशावरील मुलामा तपासणे आवश्यक असते. आरशावरील थोडी धूळ फारशी बाधक नसते. आरसे एका रेषेत नसल्यास मात्र तपशील पुसट होतात. हा दोष स्क्रू फिरवून दूर करता येतो.