चार आण्यांची खुर्ची

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, तेव्हा तिकीट होतं एक रुपया. गिरणी कामगाराच्या खिशाला ते झेपणारं नव्हतं. लवकरच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलले आणि तिथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर लागले. सिनेमा सामान्यांचा होऊ लागला तो या चार आण्यांमुळे.

पुढे एकपडदा थिएटरांनी हीच उतरंड सांभाळली. खाली स्टॉल, वर बाल्कनी. पडद्यापाशी मान वर करून बसणाऱ्यालाही तोच नायक दिसायचा, आणि शिट्ट्या तर पुढच्याच रांगांतून यायच्या! खिडकीवर ‘हाउसफुल्ल’ची पाटी लागली की फुटपाथवर ब्लॅकवाल्यांची कुजबुज सुरू. मागणी पाहून दर चढवण्याची युक्ती मल्टिप्लेक्सने शोधली, असं म्हणूनच म्हणवत नाही.

१९९७ मध्ये दिल्लीतल्या साकेतला ‘पीव्हीआर अनुपम’ हे मल्टिप्लेक्स सुरू झालं. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने नव्या मल्टिप्लेक्सना पहिली तीन वर्षं करमणूक कर पूर्ण माफ केला. जुनी थिएटरं मात्र तो भरत राहिली. ही स्पर्धा बरोबरीची नव्हतीच.

तरीही मुंबई सेंट्रलच्या ‘मराठा मंदिर’ या एकपडदा थिएटरात १९९५ चा ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ अजून चालतो, तोही चाळीस-पन्नास रुपयांत. मल्टिप्लेक्सच्या मोठ्या साखळ्यांनीही २३ सप्टेंबर २०२२ रोजी, फक्त एका दिवसापुरतं, तिकीट ७५ रुपयांवर आणलं. त्या दिवशी देशभरात सुमारे ६५ लाख प्रेक्षक थिएटरात आले.