आंखूड दांड्याची कुदळी

कॅलिफोर्नियांतील सलीनास खोरें लेट्यूसच्या भाजीसाठीं प्रसिद्ध आहे. तिचीं रोपें विरळ करण्यासाठीं तेथें एके काळीं जी कुदळी वापरीत, तिचा दांडा दोन फुटांचा, कित्येकदां त्याहूनही आंखूड असे. मेक्सिकन मजूर तिला ‘एल् कोर्तीतो’, म्हणजे ‘छोटुकली’ म्हणत. नांव लाडकें, पण काम जीवघेणें. आपल्याकडे खुरपणी बसून होते. तेथें मात्र दिवसभर कमरेंत वांकून सरीमागून सरी पुढें सरकावें लागे. लांब दांड्यानें नेमकें रोप साधत नाहीं, असें शेतमालक सांगत. दुसरेंही एक कारण होतें, आणि तेंच अधिक खरें असावें: ज्याची पाठ सरळ झाली तो थांबला, हें मुकादमाला शेताच्या कडेवरून दिसे.

दुसऱ्या महायुद्धांत शेतांवर माणसें मिळेनाशीं झालीं, तेव्हां ऑगस्ट १९४२ मध्यें अमेरिका व मेक्सिको यांच्यांत मजूर पुरविण्याचा करार झाला. या मजुरांना ‘ब्रासेरो’ म्हणत. ‘ब्रासो’ म्हणजे स्पॅनिश भाषेंत बाहु. मागणीही खरोखर बाहूंचीच होती, माणसांची नव्हे. १९६४ च्या अखेरीस योजना बंद झाली, तोंवर ४५ लाखांवर करारपत्रें झालीं होतीं. १७ सप्टेंबर १९६३ रोजीं चुआलार गांवापाशीं अशा मजुरांनीं भरलेल्या, बांकें बसवून बस बनविलेल्या एका मालमोटारीला रेल्वेमार्ग ओलांडतांना मालगाडीची धडक बसली आणि ३२ जण ठार झाले.

कुदळीचें प्रकरण पुढें न्यायालयांत गेलें. मजुरांचे पुढारी सेझर चावेझ यांनीं तरुणपणीं तीच चालविली होती. राज्याच्या नियमांत ‘असुरक्षित हत्यारें’ वापरण्यास मनाई होतीच. कुदळीनें मणक्यांना कायमची इजा होते, असें डॉक्टरांनीं सांगितलें. औद्योगिक सुरक्षितता खात्याचें म्हणणें असें कीं, हा नियम मोडक्या वा सदोष हत्यारांपुरता आहे. कुदळी धडधाकट होती. मोडत होती ती पाठ! जानेवारी १९७५ मध्यें राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें खात्याचा हा संकुचित अर्थ अमान्य केला, आणि त्याच वर्षीं ती कुदळी कायद्यानें बंद झाली. लेट्यूस लांब दांड्यानेंही पूर्वीसारखेंच पिकूं लागलें.

‘जपून वांका’ असें त्या मजुरांना रोज शिकविलें असतें तरी काय साधलें असतें? सुरक्षिततेचें शिक्षण पुष्कळदां असेंच असतें. दोष हत्यारांत आणि उपदेश हत्यार धरणाऱ्याला. त्यांतही तो उपदेश परक्या भाषेंत! कामगारांच्या सुरक्षिततेचा देशव्यापी कायदा १९७० मध्यें झाला, पण दहा किंवा त्यांहून कमी मजुरांच्या बहुतेक शेतांवर त्याची अंमलबजावणी होत नाहीं. १९९२ च्या नियमानें पिकांवरील विषारी औषधांचें शिक्षण मजुराला समजेल अशा रीतीनें देणें सक्तीचें केलें; फवारलेल्या शेतापाशीं इंग्रजी व स्पॅनिशमध्यें ‘धोका’ अशी पाटी आली. तरीही ओआहाका प्रांतांतून येणाऱ्या अनेकांची मातृभाषा मिश्तेक किंवा सापोतेक असते. स्पॅनिशही त्यांना परकीच. कामगाराला कळेल अशाच भाषेंत व शब्दांत शिक्षण दिलें पाहिजे, असें सुरक्षितता खात्यानें एप्रिल २०१० मध्यें आपल्या निरीक्षकांना स्पष्ट बजावलें.

या शिक्षणाची खरी चांगली रीत मात्र सरकारी कचेरींत जन्मली नाहीं. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेइरी यांच्या विचारांचा तिच्यावर मोठा ठसा आहे. वस्तींतल्याच स्त्रिया ‘प्रोमोतोरा’ म्हणून तयार होतात आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना जमवितात. एका मोठ्या कागदावर माणसाची आकृति काढतात. ज्याला जेथें दुखतें त्यानें तेथें खूण करावयाची. खुणा एकाच जागीं दाटल्या कीं दोष आपल्या अंगचा नव्हे, कामाच्या रचनेचा, हें वेगळें सांगावें लागत नाहीं. मग बोलणें निघतें तें मुकादमाकडे काय मागावयाचें याचें.

हें मागणें सोपें नसतें. २०२२ मध्यें अमेरिकेंत कामावर ५,४८६ माणसें मेलीं. त्यांपैकीं १,२४८ लॅटिनो होतीं, आणि त्यांतलीं बहुतेक परदेशांत जन्मलेलीं. कागदपत्रें नसलेला मजूर तक्रार करावयास भितो. सुरक्षिततेचा कायदा त्यालाही लागू आहे, ही गोष्ट या वर्गांत मुद्दाम सांगावी लागते.