‘लिंडा ब्रेंट’ कोण? : एका दासीच्या आत्मवृत्ताची कागदोपत्री पारख

बखरीतील मजकूर अस्सल कागदांशी ताडून पाहिल्यावाचून खरा मानू नये, हा दंडक आमच्या संशोधकांत चांगला रुजला आहे. त्याच न्यायाने, तसे ताडून पाहिल्यावाचून ती खोटी ठरविण्याचाही अधिकार कोणास पोहोचत नाही. परंतु दंडकाचे हे दुसरे अंग पुष्कळ वेळा विस्मरणात जाते. त्या विस्मरणापायी अमेरिकेतील एका स्त्रीचे नाव तिच्याच ग्रंथावरून कसे पुसले गेले व कागदांनी ते कसे परत मिळवून दिले, ही हकीकत हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या आमच्या वाचकांस मननीय वाटेल अशी आहे.

१८६१ च्या आरंभी बोस्टन येथे ‘इन्सिडेंट्स इन द लाइफ ऑफ अ स्लेव्ह गर्ल’ नावाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मुखपृष्ठावर कर्त्रीचे नाव नाही; तो तिने स्वतः लिहिला असल्याचा निर्देश आणि संपादिका म्हणून लिडिया मरिया चाइल्ड या प्रसिद्ध लेखिकेचे नाव एवढेच तेथे आढळते. आत ‘लिंडा ब्रेंट’ ही दासी आपली कथा सांगते. तिचा छळ करणारा तो ‘डॉ. फ्लिंट’, तिच्या मुलांचा पिता तो ‘मि. सँड्स’, सारी नावे बनावट. कर्त्री कोण हे दास्यविमोचनाच्या चळवळीतील मंडळींस ठाऊक होते. ती पिढी गेल्यावर मात्र ग्रंथ चाइल्डबाईंच्या खात्यावर जमा होऊ लागला व कित्येकांनी त्यास कादंबरीच ठरविले. १९७२ मध्ये जॉन ब्लासिंगेम यांच्यासारख्या दास्यसंस्थेच्या मातब्बर इतिहासकारानेही, कथा फार नाट्यमय व फार सुसंगत आहे, सबब विश्वासार्ह नाही, असा अभिप्राय दिला. सुसंगतपणा हा पुराव्यातील दोष कसा होतो, हे आम्हांस उमगलेले नाही.

या निकालाची फेरतपासणी जीन फेगन येलिन या विदुषीने केली. रॉचेस्टर विद्यापीठात आयझॅक व एमी पोस्ट या दांपत्याचे कौटुंबिक दप्तर आहे. त्यात हॅरिएट जेकब्स नावाच्या स्त्रीने एमीबाईंस लिहिलेली पत्रे निघाली. दिवसा चाकरी करून रात्री आपण पुस्तक लिहितो, कोणत्या गोष्टी लिहिण्याची लाज वाटते, छापणारा कसा मिळत नाही, हे सारे त्यांत आहे. शुद्धलेखन कच्चे, विरामचिन्हे जवळजवळ नाहीत. पण बोलण्याची धाटणी ग्रंथातीलच. चाइल्डबाईंचे ऑगस्ट १८६० चे पत्रही उपलब्ध आहे. मजकुराचा क्रम लावणे, १८३१ च्या नॅट टर्नरच्या बंडानंतर झालेल्या अत्याचारांची अधिक हकीकत मागविणे आणि शेवटचे एक प्रकरण गाळण्याची सूचना करणे, असे त्यांच्या संपादनाचे स्वरूप त्यावरून दिसते. येलिनबाईंनी हा पुरावा १९८१ मध्ये निबंधरूपाने मांडला व १९८७ मध्ये ग्रंथाची सटीप आवृत्ती काढली.

पत्रांवरून कर्तृत्व ठरले. कथेतील मजकुराची पारख नॉर्थ कॅरोलायना प्रांतातील कागदांनी झाली. हॅरिएटचा जन्म १८१३ मध्ये त्या प्रांतातील एडेंटन गावी झाला. तिची धनीण मार्गारेट हॉर्निब्लो हिने तिला वाचणे व शिवणे शिकविले. १८२५ मध्ये धनीण वारली. तिच्या मृत्युपत्रात दास आपल्या आईस दिले आहेत. मागाहून जोडलेल्या पुरवणीत मात्र हॅरिएट एकटी तीन वर्षांच्या भाचीस दिली आहे. या पुरवणीवर धनिणीची सही नाही! साक्षीदारांत त्या भाचीचे वडील डॉ. जेम्स नॉरकॉम हेच आहेत. अशा पुरवणीस काय म्हणावे, हे जुने दस्त हाताळणाऱ्यांस सांगावयास नको.

हा नॉरकॉम म्हणजेच ग्रंथातील ‘डॉ. फ्लिंट’. मुलगी वयात येताच त्याने तिच्या पाठीस लागून तिचे जिणे नकोसे केले. त्याच्या तावडीतून सुटण्यासाठी तिने सॅम्युएल ट्रेडवेल सॉयर या गोऱ्या वकिलाचा आश्रय पत्करला. त्याच्यापासून तिला जोसेफ व लुइझा ही दोन मुले झाली. पुढे नॉरकॉमने तिला आपल्या मुलाच्या मळ्यावर धाडले. मुलांनाही तेथेच कामास जुंपणार असे दिसताच, आपण नाहीशी झाल्यास तो मुले विकून टाकील या हिशेबाने, जून १८३५ मध्ये ती पळाली. हिशेब बरोबर ठरला. सॉयरने मध्यस्थामार्फत मुले विकत घेतली.

नॉरकॉमने नॉरफॉकच्या ‘अमेरिकन बीकन’ पत्रात दिलेली जाहिरात उपलब्ध आहे. ग्रंथातही अशीच एक जाहिरात दिलेली आहे. दोहोंत वय २१, उंची ५ फूट ४ इंच, केस कुरळे पण विंचरून सरळ होणारे, हे तपशील जुळतात. बक्षिसाचा आकडा जुळत नाही. मूळ जाहिरातीत १०० डॉलर आहेत, ग्रंथात ३००. इतक्या वर्षांनी लिहिताना एवढा फरक पडावा यात नवल नाही. मूळ जाहिरातीत नॉरकॉम म्हणतो की, दासी काही एक ज्ञात कारण नसता पळाली. कारण त्याच्याइतके कोणास ठाऊक होते?

पळून ती फार दूर गेलीच नाही. आजी मॉली हॉर्निब्लो हिने १८२८ मध्ये मुक्तता मिळविली होती. ती भट्टीचे पदार्थ करून विकीत असे. तिच्या घराला लागून असलेल्या पडवीच्या छपराखाली ९ फूट लांब, ७ फूट रुंद व सर्वांत उंच ठिकाणी ३ फूट एवढ्या जागेत हॅरिएट सुमारे सात वर्षे लपून राहिली. गिरमिटाने लाकडास भोके पाडून ती रस्त्यावर खेळणारी आपली मुले पाही. आपण उत्तरेकडे निसटलो असे नॉरकॉमास भासावे म्हणून ती तेथून पत्रे लिही, ती न्यूयॉर्कला नेऊन तेथून टपालात टाकविली जात. रस्त्यांची नावे चुकू नयेत म्हणून तिने न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राचा एक तुकडा मिळविला होता. स्थळाचा उल्लेख असलेले पत्र त्या स्थळीच लिहिले गेले असे धरून चालणाऱ्यांनी हा प्रकार ध्यानात ठेवावा.

१८४२ मध्ये ती जहाजाने फिलाडेल्फियास व तेथून न्यूयॉर्कला पोहोचली. लेखक नॅथॅनिएल विलिस यांच्या घरी ती मुले सांभाळू लागली. १८४९ मध्ये रॉचेस्टर येथे दास्यविरोधी वाचनालयाचे काम करीत असता ती पोस्ट दांपत्याच्या सहवासात आली. आपली कथा लिहावी असा आग्रह एमीबाईंनीच धरला. १८५२ मध्ये कॉर्नेलिया विलिस यांनी ३०० डॉलर देऊन तिला मुक्त करविले. हॅरिएटला यात उपकारापेक्षा अपमान अधिक टोचला; स्वतंत्र म्हणविणाऱ्या न्यूयॉर्क शहरात आपली विक्री झाली, असे ती लिहिते. या खरेदीपत्राविषयी ती पुढे उपरोधाने सुचविते की, देशाची सुधारणा किती झाली हे मोजू पाहणाऱ्या पुराणवस्तुसंशोधकांस पुढेमागे ते उपयोगी पडेल. स्वतःच्या विक्रीच्या दस्ताकडे या दृष्टीने पाहणारी लेखिका आमच्या पाहण्यात दुसरी नाही.

‘अंकल टॉम्स केबिन’च्या कर्त्या हॅरिएट बीचर स्टो यांनी ही कथा आपल्या नव्या पुस्तकात घालण्याची इच्छा दर्शविली, तेव्हा हॅरिएटने ती देण्याचे नाकारून स्वतःच लेखणी धरली. प्रकाशकाचे दिवाळे निघाले तेव्हा छपाईचे ठसे तिने विकत घेऊन ग्रंथ काढला. यादवी युद्धाच्या काळात ती वॉशिंग्टन व अलेक्झांड्रिया येथे दास्यातून पळून आलेल्या निराश्रितांत राहून काम करू लागली. अलेक्झांड्रियात जानेवारी १८६४ मध्ये तिच्या नावाची शाळा निघाली व तिची लुइझा तेथे शिकवू लागली. ७ मार्च १८९७ रोजी हॅरिएट वॉशिंग्टन येथे वारली.

तिचा भाऊ जॉन हाही पळालेला दास व चळवळीतील वक्ता. त्याचे आत्मवृत्त १८६१ मध्ये लंडनच्या एका साप्ताहिकात काटछाट होऊन आले, तेवढेच पुष्कळ काळ माहीत होते. त्याने १८५५ मध्ये सिडनीच्या ‘एम्पायर’ पत्रात छापविलेला मूळ, बराच जहाल मजकूर अलीकडे जोनाथन श्रोडर यांस सापडला व २०२४ मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाला. भावाबहिणींचे हे दोन्ही वृत्तांत आता शेजारी ठेवून कलमवार ताडता येतात. एडेंटनच्या घराविषयी जॉन काय सांगतो, येथूनच आरंभ करणे सोयीचे होईल.