जेवणाच्या टेबलावर सापडलेले कर्करोगाचे मूळ

जॅनेट रॉली यांना शिकागो विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत लगेच प्रवेश मिळाला नाही. 65 विद्यार्थ्यांच्या वर्गात मुलींना फक्त 3 जागा होत्या आणि त्या भरल्या होत्या. नऊ महिने थांबून त्या शिकू लागल्या. 1948 मध्ये डॉक्टर झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे लग्न झाले. पुढे चार मुलगे झाले. धाकटा बारा वर्षांचा होईपर्यंत त्यांनी पूर्णवेळ काम केले नाही.

ही बाई रक्ताच्या कर्करोगाचा इतिहास बदलेल, असे तेव्हा कोणाला वाटले असते?

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांमध्ये एक गुणसूत्र आखूड असते, हे 1960 मध्ये फिलाडेल्फियात दिसले होते. त्याचा तुकडा हरवला, असा समज होता. गुणसूत्रांतील बिघाड हा कर्करोगाचा परिणाम आहे, कारण नव्हे, असेही अनेक शास्त्रज्ञ मानत. रॉली गुणसूत्रांवरचे पट्टे पाहण्याचे नवे तंत्र ऑक्सफर्डला शिकून आल्या होत्या. फोटो घरी आणून त्या गुणसूत्रे कात्रीने कापत आणि जेवणाच्या टेबलावर जोड्या लावत. मुले थट्टा करत, आई कागदी बाहुल्या खेळते!

1972 मध्ये त्यांना दिसले की 22व्या गुणसूत्राचा तुकडा हरवलेला नाही, तो 9व्याला चिकटला आहे. दुसऱ्या काही ल्युकेमियांतही अशीच ठरावीक अदलाबदल सापडली. मग हा योगायोग कसा? हळूहळू जगाला पटले की रोगाचे मूळ इथेच आहे. या अदलाबदलीतून तयार होणारे घातक प्रथिन रोखणारे इमॅटिनिब हे औषध 2001 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले.

भारतात नोव्हार्टिस कंपनीच्या या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे सव्वा लाख रुपये होता, तर देशी कंपन्यांच्या औषधाचा आठ-दहा हजार. कंपनीची पेटंटची मागणी सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी फेटाळली आणि स्वस्त औषधाची वाट मोकळी राहिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रॉली वारल्या.

आपल्या समाजात हुशार मुलीचे लग्न ठरले की पुस्तके माळ्यावर जातात. चार मुले वाढवताना, अर्धवेळ काम करताना एका बाईने काय शोधले, हे त्या मुलीला तर सांगाच. पण तिच्या सासू-सासऱ्यांना आधी सांगा.