बावड्याच्या पाटलांचा कायदा

इंदापूर तालुक्यात राजकारणाचा विषय निघाला की गाडी बावड्यावरून जाते. बावडा हे शंकरराव बाजीराव पाटलांचं गाव. ते १९८० ला आणि पुन्हा १९८९ ला बारामतीतून लोकसभेवर गेले. बिजवडीच्या साखर कारखान्याला आज त्यांचंच नाव आहे. हर्षवर्धन पाटील त्यांचे पुतणे. शिक्षण वकिलीचं, पण गडी रमला विधानसभेत.

१९९५ ला अपक्ष निवडून आले. युतीला अपक्षांची गरज होती, मंत्री झाले. १९९९ ला सरकार बदललं तरी मंत्रीच. २००४ लाही अपक्ष, २००९ ला काँग्रेस. सरकार कुणाचंही येऊ द्या, लाल दिवा इंदापूरला असायचाच.

माझ्या मते त्यांचं खरं वकिलीचं काम झालं ते सहकारमंत्री असताना. सावकारीचा जुना कायदा होता १९४६ चा. सावकार हुशार. कर्ज द्यायचा आणि गहाणखत न करता थेट खरेदीखतच करून घ्यायचा. कागदावर जमीन विकलेली, मग दाद कुठं मागायची? २०१४ ला नवा कायदा आला. खरेदी सावकारीतून झाली असं दिसलं तर जिल्हा उपनिबंधकाला ती रद्द करून जमीन मूळ मालकाला देता येते. पंधरा वर्षांपर्यंतचा व्यवहार उकरता येतो. परवाना नसताना सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद. अडतं ते पुराव्यापाशी. पैसे रोख दिलेले, चिठ्ठी नाही, आणि गावातला माणूस सावकाराविरुद्ध साक्षीला येत नाही. तरीपण दार ठोठवायला एक जागा झाली, हे काही कमी नाही.

त्याच वर्षी आघाडी तुटली आणि राष्ट्रवादीच्या दत्तात्रय भरणेंनी त्यांना पाडलं. २०१९ ला आघाडी पुन्हा जुळली, पण इंदापूरची जागा राष्ट्रवादीकडंच राहिली, म्हणून हे भाजपात गेले. थोडक्यात पडले. २०२४ ला भरणे अजित पवारांबरोबर महायुतीत, जागा पुन्हा त्यांनाच, म्हणून हे शरद पवारांकडं. ज्या बारामतीशी उभा जन्म भांडले तिचीच तुतारी हातात घेतली. भरणेंनी तिसऱ्यांदा पाडलं.

लोक पक्षांतराला हसतात. मला त्यापेक्षा पाण्याचं वाटतं. नीरा डाव्या कालव्याचं पाणी आधी बारामतीला भिजवतं, इंदापूर पडलं टेलला. एवढ्या वर्षांच्या मंत्रिपदात टेलच्या चाऱ्यांना वेळेवर पाणी आलं असतं, तर निम्मे लोक सावकाराच्या दारात गेलेच नसते. खालच्या गावांत उन्हाळी पाळीची वाट आजही बघावी लागते.