मेकोंबचे न्यायालय आणि डिकेटरचे न्यायाधीश

परमुलखी नोकरी केलेल्या वाचकांस लहान गावातील कचेरी कशी असते हे सांगावयास नको. साक्षीदार, वकील, बघे सारे एकमेकांस ओळखून असतात. निकाल पुष्कळदा पुकारा होण्यापूर्वीच बाजारात ठरलेला असतो. हार्पर ली यांच्या ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०) या कादंबरीतील मेकोंब हे अमेरिकेतील अलाबामा राज्याचे कल्पित गाव असेच आहे. काळ १९३० नंतरच्या मंदीचा. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर गोऱ्या तरुणीवरील बलात्काराचा आरोप आहे. तिच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूस मार दिसतो, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. टॉमचा डावा हात तर लहानपणीच यंत्रात सापडून निकामी झालेला. त्याचे वकील अ‍ॅटिकस फिंच हे सारे उघड करून दाखवतात. गोरी ज्यूरी तरीही टॉमला दोषीच ठरवते.

इतिहास याहून फार निराळा नव्हता. २५ मार्च १९३१ रोजी याच राज्यात नऊ कृष्णवर्णीय मुलांना मालगाडीतून उतरवून अटक करण्यात आली. गाडीतील दोन गोऱ्या तरुणींनी बलात्काराचा आरोप केला. स्कॉट्सबरो येथे अवघ्या पंधरवड्यात आठांना मृत्युदंड झाला. बचावासाठी पुरेसे वकील मिळाले नाहीत, म्हणून १९३२ साली सर्वोच्च न्यायालयाने सात जणांच्या शिक्षा रद्द केल्या. १९३३ मध्ये हेवुड पॅटर्सनचा खटला डिकेटर येथे न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांच्यापुढे फिरून चालला. आरोप करणाऱ्या रूबी बेट्सनेच साक्षीत सांगितले की, असे काही घडलेच नव्हते. ज्यूरीने पुन्हा मृत्युदंडच दिला.

येथवर कादंबरी आणि इतिहास यांची वाट एकच आहे. पुढे मात्र ती फुटते. २२ जून रोजी हॉर्टन यांनी सारा पुरावा तपासून ज्यूरीचा निर्णय रद्द केला आणि फेरसुनावणीचा हुकूम दिला. तेथे न्यायाधीश लोकांच्या मतांनी निवडले जात. १९३४ च्या निवडणुकीत हॉर्टन पराभूत झाले. कादंबरीतील अ‍ॅटिकस मात्र खटल्यानंतरही विधिमंडळावर बिनविरोध निवडून येतात! आपल्या नायकावर लेखिकेने दाखवलेली ही माया हॉर्टन यांच्या वाट्यास आली नाही.

त्या हुकुमाने मुले सुटली असेही नव्हे. खटला दुसऱ्या न्यायाधीशाकडे गेला, पॅटर्सन पुन्हा दोषी ठरला. ज्यूरीच्या यादीतून कृष्णवर्णीयांना वगळणे घटनाविरोधी आहे, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९३५ मध्ये दिला. फाशी कोणासच झाली नाही. परंतु तुरुंगात कित्येकांची उमेदीची वर्षे गेली. अखेरच्या तिघांना राज्याने क्षमा केली ती मरणोत्तर, २०१३ साली.

वकिलाने निर्भयपणे बोलावे, हा त्याचा धर्मच होय. परंतु खुर्चीवर बसलेल्याने, गावाचा कौल ठाऊक असताना, कागदावर विरुद्ध सही करावी, यास निराळे धैर्य लागते. कादंबरी वाचून आपण अ‍ॅटिकस यांना वंदन करतो. कचेरीत काम करणाऱ्यांनी हॉर्टन यांचेही स्मरण ठेवावे.