गॅस्ट्रोपॅरेसिसचे विभेदक निदान

गॅस्ट्रोपॅरेसिस हा पचनसंस्थेचा विकार असून त्यात वाटेत कोणताही अडथळा नसताना जठरातील अन्न लहान आतड्यात उतरण्यास नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. मळमळ, उलटी, थोडे खाताच पोट भरणे आणि जेवणानंतर पोट फुगणे ही त्याची मुख्य लक्षणे होत. यांपैकी एकही लक्षण केवळ याच विकाराचे नाही. त्यामुळे निव्वळ लक्षणांवरून केलेले निदान चुकू शकते.

कारणे

दीर्घकाळचा मधुमेह आणि शस्त्रक्रियेत व्हेगस चेतेला झालेली इजा ही परिचित कारणे आहेत. पुष्कळ रुग्णांत मात्र कारण सापडत नाही. अफूजन्य वेदनाशामके व सेमाग्लुटाइडसारखी औषधेही जठर मंद करतात, म्हणून रुग्ण कोणती औषधे घेतो हे आधी पाहावे लागते.

सदृश विकार

सर्वप्रथम जठराच्या तोंडाशी असलेला अडथळा वगळावा लागतो. जुन्या व्रणामुळे आलेले आकुंचन किंवा कर्करोग यांमुळेही कित्येक तासांपूर्वीचे अन्न उलटून पडते. येथे झालेली चूक सर्वांत घातक, कारण कर्करोगावरील उपचार लांबतात. यासाठी एंडोस्कोपी आवश्यक असते.

रवंथ विकारात अन्न जेवणानंतर काही मिनिटांतच, मळमळ वा उमासे न येता, सहज तोंडात परत येते. त्याची चव बदललेली नसते व रुग्ण ते पुन्हा गिळतोही. रुग्ण याला ‘उलटी’च म्हणतो, ‘नेमके काय होते?’ हा प्रश्न विचारल्यावरच फरक कळतो. यावर औषधांपेक्षा पोटाने श्वास घेण्याचे प्रशिक्षण उपयोगी पडते.

चक्रीय उलटीच्या विकारात तीव्र झटके येतात आणि मधल्या काळात रुग्ण बहुधा बरा असतो. दीर्घकाळ गांजा ओढणाऱ्यांतही असे झटके येतात. त्यांना गरम पाण्याच्या स्नानाने तात्पुरता आराम पडतो.

कार्यात्मक अपचन वेगळे काढणे सर्वांत कठीण. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ४८ आठवड्यांनंतर पुन्हा चाचणी केली असता गॅस्ट्रोपॅरेसिसचे सुमारे ४२ टक्के रुग्ण कार्यात्मक अपचनाच्या गटात गेले, तर त्या गटातील सुमारे ३७ टक्के उलट दिशेने आले. त्यामुळे हे दोन स्वतंत्र आजार आहेत की एकाच आजाराची दोन टोके, असा प्रश्न उपस्थित झाला आहे.

चाचणी

टेक्नेशियम-९९एम मिसळलेले, अंड्याच्या पांढऱ्या बलकाचे कमी चरबीचे जेवण देऊन ४ तास जठराची चित्रे घेतात. ४ तासांनी १० टक्क्यांहून अधिक अन्न उरल्यास जठर मंद ठरते. चाचणी २ तासांतच आटोपल्यास काही रुग्ण निसटतात. जठरावर परिणाम करणारी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने २ ते ३ दिवस आधी थांबवतात. रक्तातील साखर फार वाढलेली असल्यास निष्कर्ष फसवा येतो. याउलट, मधुमेहात कधी जठर अतिवेगाने रिकामे होऊनही अशीच लक्षणे दिसतात आणि तेही याच चाचणीत उघड होते.